मोजलेले दिवस

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला आम्ही गेलो होतो ते आमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक बघायला. घोडागाड्या, काळ्या टोप्या, दोरीवर वाळत घातलेले एकरंगी कपडे. हिला तिथल्या गोधड्या बघायच्या होत्या. बघून झाल्या, किंमत विचारून झाली, आणि "आमच्या आईनं जन्मभर शिवल्या त्या सगळ्या मिळून एवढ्याला गेल्या नसत्या" असं पुटपुटत ही दुकानाबाहेर आली. लेकीकडे तीन महिने राहायचं म्हणजे असे शनिवार एकामागून एक येतात. परतीच्या वाटेवर जावयाने गाडी शहरात घातली. "बाबा, इथं एका वकिलाची कबर आहे. बघायची?" जावई भला माणूस. निवृत्त सासऱ्याला काय दाखवावं, हा त्याला दर आठवड्याला पडणारा प्रश्न.

चेस्टनट आणि मलबेरी या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर ती दफनभूमी आहे. आमच्या तालुका कोर्टाचं आवार तिच्यापेक्षा मोठं असेल. आत थॅडियस स्टीव्हन्स या माणसाची कबर आहे. वकील, पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाचा सभासद, नंतर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, प्रतिनिधी. जन्म १७९२, मृत्यू १८६८. दगडावरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवलेला. माझ्या मराठीत तो असा होईल: 'या शांत, एकांत जागी मी विसावलो आहे, तो एकांताची मुळातच आवड आहे म्हणून नव्हे. इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट असल्याचे आढळले, म्हणून ही जागा निवडली. दीर्घ आयुष्यभर ज्या तत्त्वाची बाजू मांडली ते मरणातही दाखवता यावे यासाठी: विधात्यापुढे सर्व माणसे समान.'

मी ते दोनदा वाचलं आणि हसू आलं. हा मृत्युलेख नाहीच, ही कैफियत आहे. समोरच्याचं गृहीतक आधी नाकारायचं, मग वस्तुस्थिती, मग कायद्याचा मुद्दा. 'आढळले' हा शब्द तर अस्सल कोर्टातला. त्याने आधी दुसरीकडे जागा घेतल्या होत्या. कागद वाचल्यावर त्यात काळ्या माणसांना पुरायला बंदी असल्याचं कलम निघालं, तेव्हा त्या परत केल्या. स्वतःच्या कबरीचं खरेदीखत बारकाईने वाचणारा वकील मला एकदम आपला वाटला. शिवाय स्मशानाच्या वाटेवरून झालेले दोन दावे मी चालवलेले आहेत. कोणत्या वस्तीचं प्रेत कोणाच्या बांधावरून न्यायचं नाही, याचे नकाशे आमच्याकडे तलाठी काढत नाही, पण ते सगळ्या गावाला पाठ असतात.

मग उरलेले दोन महिने मी लेकीच्या गावातल्या लायब्ररीत या माणसाच्या मागे लागलो.

व्हरमाँटमधल्या डॅनव्हिल गावचा जन्म. बाप जोडे शिवायचा. (आपल्याकडे एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न जातीचा. तिथे तो नुसता धंदा, आणि अंगाला चिकटलेलं नुसतं दारिद्र्य.) बाप पुढे घर सोडून गेला. चार पोरं आईच्या गळ्यात, आणि थॅडियसचा एक पाय जन्मतःच वळलेला. शेतात याचा उपयोग नाही, याने शिकलं पाहिजे, असं आईने ठरवलं आणि शाळेसाठी पीचम गावी बिऱ्हाड हलवलं. १८१४ साली तो डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाला, मग पेनसिल्व्हेनियात यॉर्कला येऊन मास्तरकी करत कायदा वाचू लागला. तिथल्या वकील मंडळींनी नियम असा केला होता, की अभ्यासाच्या काळात दुसरा धंदा करणाऱ्याला सनद नाही. म्हणजे पोटासाठी मास्तरकी करणाऱ्यांना बाहेर ठेवायचं. याने काय केलं, घोड्यावर बसून शेजारच्या मेरीलँडमध्ये गेला आणि १८१६ साली तिथून सनद घेऊन आला. सांगतात, की परीक्षक न्यायाधीशांनी सुरुवातीला आणि शेवटी मदिरेच्या बाटल्या मागवायला लावल्या आणि मध्ये दोन-चार प्रश्न विचारले. खरं असो-नसो, आमच्या बाररूममध्ये हा किस्सा चालला असता.

त्याने ऑफिस थाटलं ते गेटिसबर्गला. पुढे ज्या गावच्या लढाईने सगळं जग ते नाव शिकलं, ते तेव्हा साधं जिल्ह्याचं गाव होतं. आणि तिथेच तो खटला आला. त्याच्या आयुष्यातलं मी सगळ्यात जास्त वाचलं ते यावरचं.

चॅरिटी बटलर नावाची मेरीलँडची गुलाम बाई. पेनसिल्व्हेनियाने १७८० साली गुलामगिरी हळूहळू संपवण्याचा कायदा केला होता. त्यात बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या मालकांना सवलत अशी, की गुलाम सोबत आणला तरी सहा महिन्यांपर्यंत तो तुमचाच. सहा महिने उलटले की तो मोकळा. चॅरिटीला पेनसिल्व्हेनियात अनेकदा आणलं गेलं होतं, पुन्हा परत नेलं गेलं होतं. सगळ्या मुक्कामांची बेरीज केली तर सहा महिन्यांच्या वर जात होती. तिने स्वतःसाठी आणि आपल्या लेकरांसाठी दावा लावला: आम्ही मोकळे आहोत.

स्टीव्हन्स मालकाच्या बाजूने उभा राहिला. मुद्दा एकच. कायद्यातले सहा महिने सलग हवेत. मुक्काम तुटला की मोजणी पहिल्यापासून. १८२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. चॅरिटी लेकरांसकट गुलामगिरीत परत गेली. वकील तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता.

हे वाचलं त्या दिवशी मी लायब्ररीतून लवकर घरी आलो. लेकीने विचारलं, बरं नाही का. बरं होतं. तीस-एकतीस वर्षांचा असताना मीही असेच दिवस मोजले होते. कूळकायद्याचं प्रकरण होतं, तहसीलदारांपुढे. १ एप्रिल १९५७ ला जो जमीन कसत होता त्याला कायदा मालक मानतो, आणि कसत होता का हे दाखवायला पीकपाहणीचे उतारे लागतात. समोरच्या म्हाताऱ्याचं नाव आधीच्या सगळ्या सालांना होतं, नंतरच्या दोन सालांनाही होतं. नेमक्या त्या एका सालच्या रकान्यात माझ्या अशिलाचं, जमीनमालकाचं नाव. ते तिथे कसं आलं हे मला माहीत होतं असं नाही, आणि माहीत नव्हतं असंही म्हणवत नाही. मी त्या एका रकान्यावर बोट ठेवलं आणि ते शेवटपर्यंत उचललं नाही. माझ्या नावाची तालुक्यात चर्चा झाली ती त्या प्रकरणापासून.

अशा विजयाबद्दल वकील बोलत नाहीत. 'वकीलपत्र घेतलं म्हणजे बाजू मांडायची, न्याय करायला साहेब बसलेत' हे वाक्य आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात, आणि ते खोटंही नाही. प्रत्येकाला वकील मिळाला पाहिजे, हे मी आजही म्हणेन. पण रात्री झोपेत जे आठवतं त्याला हे वाक्य पुरत नाही.

दोन वर्षांनी, १८२३ च्या ४ जुलैच्या मेजवानीत, स्टीव्हन्सने पेला उंचावून म्हटलं, की पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असो ज्याने कोणा माणसाच्या पायात बेडी ठोकलेली नाही. त्यानंतर तो पळून आलेल्या गुलामांचे खटले चालवायला लागला, फी न घेता. इथे 'प्रायश्चित्त' असं लिहायला हात शिवशिवतो. पण चाळीस वर्षं साक्षी तपासल्यावर मला असल्या सुबक जबान्यांचा संशय येतो. माणूस एका खटल्याने बदलत नाही, आणि बदललाच तरी चॅरिटीला त्याचा काय उपयोग? तिचे दिवस मोजून झाले होते.

तो धुतल्या तांदळासारखा तर नव्हताच. जुगाराचा नाद. डोक्यावर तांबूस केसांचा टोप, तोही धड न बसणारा. जीभ अशी, की लोक विधिमंडळात यायचे ते याची टोमणेबाजी ऐकायला. लिंकनने एकदा त्याला त्याच्याच राज्यातल्या सायमन कॅमेरॉन या पुढाऱ्याबद्दल विचारलं, हा चोरी करेल का हो? स्टीव्हन्स म्हणाला, तापून लाल झालेली शेगडी काही तो चोरणार नाही. कॅमेरॉनला हे कळल्यावर त्याने शब्द मागे घ्यायला लावले. तेव्हा स्टीव्हन्सने लिंकनला सांगितलं: शेगडी चोरणार नाही असं म्हणालो होतो, ते मी मागे घेतो.

सरकारी पैशातून एक रेल्वे त्याने अशा वळणांनी आखून घेतली, की ती त्याच्या लोखंडाच्या कारखान्याजवळून जावी. विरोधकांनी तिला 'पोटातला जंत' असं नाव ठेवलं. १८३८ च्या डिसेंबरात निवडणुकीच्या भांडणावरून हॅरिसबर्गच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या, सभागृहात जमाव घुसला, तेव्हा हा वळलेल्या पायाचा गृहस्थ खिडकीतून उडी टाकून पळाला. आमच्या झेडपीच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला त्यात परकं काही वाटणार नाही.

पण त्याच हॅरिसबर्गमध्ये १८३५ च्या एप्रिलात त्याने जे केलं ते वेगळं. आदल्या वर्षी मोफत सार्वजनिक शाळांचा कायदा झाला होता. कर भरायची वेळ आल्यावर लोक बिथरले, तो रद्द करायचं घाटू लागलं आणि राज्याच्या सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, तसं मतही दिलं. पर्याय होता तो जुना: जो बाप स्वतःला गरीब म्हणून नोंदवेल त्याच्या पोरांना फुकट शिकवायचं. स्टीव्हन्सच्या स्वतःच्या मतदारांनाही नवा कायदा नको होता. तो उठला आणि म्हणाला, की गुन्हेगाराला पकडायला, तुरुंगात ठेवायला तुम्ही आनंदाने कर भरता, आणि माणूस मुळात गुन्हेगार होऊ नये म्हणून लागणाऱ्या कराला बोंब मारता. गरिबाच्या पोराला शिकवण्याआधी त्याच्या कपाळावर 'गरीब' असं लिहायचं, ही मदत नव्हे, डाग आहे. कायदा वाचला. फी-माफीच्या अर्जावर सरपंचाची सही आणायला वडिलांबरोबर गेलेला मी, हे भाषण लायब्ररीच्या खुर्चीत बसून वाचताना मधूनच थांबलो.

पेनसिल्व्हेनियाच्या १८३८ च्या राज्यघटनेत मतदानाचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना ठेवला. घटनासमितीचा सभासद असून त्याने तिच्यावर सही केली नाही.

पुढे कारखान्याचं कर्ज फेडायला तो १८४२ मध्ये लँकेस्टरला आला, कारण तिथे वकिली जास्त चालेल. घरकामाची व्यवस्था पाहायला लिडिया हॅमिल्टन स्मिथ नावाची मिश्र वंशाची बाई आली, दोन मुलांसह, आणि त्याच्या मरणापर्यंत, वीसेक वर्षं राहिली. गावाने व्हायची ती कुजबुज केली. मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की काळ्या नोकरांना मालक नुसत्या पहिल्या नावाने हाका मारत त्या काळात तो तिला 'मिसेस स्मिथ' म्हणायचा. आपल्याकडे 'अगं' आणि 'अहो' यांच्यात केवढं अंतर आहे, ते ज्याला कळतं त्याला यातलं मोल सांगायला नको.

१८५१ मध्ये लँकेस्टर जिल्ह्यात क्रिस्टियाना इथे पळून आलेले गुलाम पकडायला आलेला मेरीलँडचा मालक मारला गेला. पकडायला मदत करायला नकार दिला म्हणून कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर थेट देशद्रोहाचा खटला. चालला तो फिलाडेल्फियात, ज्या इमारतीत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या तिथेच. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता. ज्युरीने पंधरा मिनिटांत निर्दोष ठरवलं.

मग गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत यादवी युद्ध पेटलं, त्यात तो काँग्रेसच्या अर्थसमितीचा अध्यक्ष. युद्धाचा पैसा, कर, कागदी चलन, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. १८६३ च्या जूनमध्ये, गेटिसबर्गच्या लढाईच्या आठवडाभर आधी, दक्षिणेचा जनरल जुबाल अर्ली त्याच्या कॅलेडोनिया कारखान्यावर आला आणि मुद्दाम, मालकाचं नाव ठाऊक असल्यामुळे, तो जाळला. बातमी कळल्यावर याने विचारलं म्हणे, माझी कर्जंही जळाली का?

गुलामगिरी घटनेनेच संपवणारी तेरावी दुरुस्ती प्रतिनिधीगृहात ३१ जानेवारी १८६५ ला मंजूर झाली, ११९ विरुद्ध ५६. आपल्याकडच्या वाचकाला इथे जोतीरावांची आठवण होणारच. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मोकळं केल्याबद्दल. स्टीव्हन्स जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या या पाहुण्याला 'सदाचारी' हे विशेषण ऐकून गंमत वाटली असती.

पण मोकळं केलं म्हणजे काय केलं, हा प्रश्न त्याने सोडला नाही, आणि इथे मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. १८६५ च्या सप्टेंबरात लँकेस्टरच्या सभेत त्याने हिशेब मांडला. दक्षिणेतल्या सुमारे ७०,००० बड्या बंडखोर जमीनदारांकडे ३९ कोटी ४० लाख एकर जमीन आहे. ती जप्त करा. गुलामीतून सुटलेले प्रौढ पुरुष धरा १० लाख. प्रत्येकी ४० एकर द्या. चारच कोटी एकर लागतील. उरलेली विकून युद्धाचं कर्ज फेडा. (आमच्याकडे ४० एकरवाल्याला लोक बागायतदार म्हणून नमस्कार करतात, पण ते असो.) मुद्दा असा, की ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही तो कालच्याच मालकाच्या दारात उद्या कामाला उभा राहणार. हे त्याच्या पक्षातल्या लोकांनाही पेललं नाही. गुलामी विरोधात बोलणारे कितीतरी लोक, मालमत्तेचा विषय निघाल्यावर घड्याळाकडे बघायला लागले. जमीन मिळाली नाही. सुटलेली माणसं पिकाच्या वाट्यावर पूर्वीच्याच शेतांत राबू लागली, आणि पिढ्यान्‌पिढ्या दुकानाच्या उधारीत अडकली. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आमच्या आजोबांनी ऐकली त्याच्या ऐंशी-नव्वद वर्षं आधी एक वकील ती आकडेमोड करून मांडत होता, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

मग चौदावी दुरुस्ती. कोणत्याही व्यक्तीला कायद्याचं समान संरक्षण नाकारायचं नाही. हे शब्द मुख्यतः जॉन बिंगहॅमचे, पण ज्या समितीतून दुरुस्ती आली तिचा, आणि प्रतिनिधीगृहात ती नेण्याचा, कणा स्टीव्हन्सचा. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये 'कायद्याचे समान संरक्षण' आहे ते तिथून आलेलं. रिट अर्जात शेवटच्या परिच्छेदात 'अनुच्छेद १४ चा भंग झाला आहे' हे मी इतक्या वेळा सवयीने टाइप करून घेतलंय, की त्याच्यामागे कोणाची हाडं झिजलीत याचा विचारही कधी आला नव्हता.

त्याला स्वतःला ती दुरुस्ती अपुरी वाटत होती. काळ्यांना मताचा हक्क तिने सरळ दिला नव्हता. १३ जून १८६६ ला तो सभागृहात म्हणाला, की मी स्वप्न पाहिलं होतं, एखाद्या भाग्याच्या वेळी आपल्या सगळ्या संस्था नव्याने उभारता येतील, माणसामाणसातला खोटा भेद उरणार नाही. ते स्वप्न विरून गेलं. मग इतकी अपुरी गोष्ट मी का स्वीकारतो? कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही. तडजोडीच्या हुकूमनाम्यावर सही करताना अशिलाला समजावण्यासाठी मी आयुष्यभर शब्द शोधले. ते हे होते.

शेवटी शेवटी त्याला खुर्चीत बसवून सभागृहात उचलून नेत. नेणाऱ्या तरण्या माणसांना तो म्हणायचा, तुम्ही मेल्यावर मला कोण उचलणार रे? राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर १८६८ मध्ये महाभियोग चालला त्यात हा आघाडीवर, पण आवाज इतका गेलेला, की भाषणाचा उरलेला भाग दुसऱ्याने वाचला. सिनेटमध्ये एका मताने जॉन्सन सुटला. चौदावी दुरुस्ती जुलैत मंजूर झाल्याचं कळलं, आणि ११ ऑगस्टच्या मध्यरात्री हा गेला. उशाशी मिसेस स्मिथ होती. कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, घुमटाखाली देह ठेवला तेव्हा पहारा काळ्या सैनिकांचा होता. पुढची कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांनी त्याला सूडाने पेटलेला लंगडा म्हातारा म्हणून रंगवलं.

मृत्युपत्र मी अर्थात वाचलंच. पीचमला आईच्या कबरीच्या देखभालीसाठी पैसे, आणि अट अशी, की दर वसंतात कबरीच्या कोपऱ्यांवर गुलाब किंवा दुसरी कुठली हसरी फुलं लावायची. मिसेस स्मिथला वर्षाला ५०० डॉलर किंवा एकरकमी ५,०००, तिने निवडायचं. आणि अनाथ मुलांसाठी एक घर, जिथे वंश, धर्म पाहायचा नाही, आणि सगळ्यांना जेवायला एकाच टेबलावर बसवायचं. 'टेबल' लिहिलंय, पण मला तिथे पंगतच दिसली. कायदेशीर दस्तात पंगत कशी बसेल याची तरतूद लिहायची, म्हणजे या माणसाला पक्कं ठाऊक होतं, की शाळेत प्रवेश मिळाल्यावरही पोरांना वेगळं कुठे बसवतात.

चॅरिटी बटलरचं नाव तिथे नाही. तसं असायचं काही कारणही नाही. अशील नव्हती ती.

परतीच्या आधी जावयाला पुन्हा एकदा त्या कोपऱ्यावर न्यायला लावलं. ही गाडीतच बसली. मी उभा राहिलो आणि दगडावरचं 'आढळले' वाचताना मला तहसील कचेरीचा व्हरांडा आठवला. निकाल लागला त्या दिवशी त्या म्हाताऱ्याचा वकील दुसऱ्या तारखेसाठी निघून गेला होता. नक्कल हातात घेऊन म्हातारा इकडे-तिकडे बघत माझ्याकडेच आला. "जरा वाचून दावा, सायब." मी त्याच्या विरुद्धचा वकील हे त्याला कळत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मी वाचला, सगळा निकाल, कलमांसकट. सालाच्या ओळीवर त्याने थांबवलं.

"ह्ये साल परत वाचा."

"छप्पन-सत्तावन्न."

त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. "त्या साली शाळू घातला हुता," तो म्हणाला. "थोरलीचं लगीन त्याच शाळवावर केलं."

मग कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि एस.टी. किती वाजता आहे ते विचारलं. सव्वापाचला, मी सांगितलं.